‘बाई, बाथरूमला जाऊ?’: एका कन्याशाळेचं प्रकरण

मी या शाळेत विज्ञान शिकवते. ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे त्या वर्षी नववी ‘ब’ची वर्गशिक्षिका होते. शाळेचं, गावाचं, कुणाचंच नाव इथे दिलेलं नाही. मुली ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. बाकी सगळं घडलं तसंच आहे.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव. तिथली ही जुनी, अनुदानित कन्याशाळा, पाचवी ते दहावी. वर्गखोल्या कमी असल्यामुळे दोन सत्रं चालतात. पाचवी ते सातवी सकाळी, आठवी ते दहावी दुपारी बारा ते साडेपाच. दुपारच्या सत्रात ३४० मुली. त्यातल्या निम्म्याहून अधिक आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून एसटीनं येतात. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. तो नसता तर यातल्या कितीतरी मुली सातवीनंतर घरीच राहिल्या असत्या. पण गाडी शाळेच्या वेळेप्रमाणे धावत नाही. लांबच्या वस्तीवरची मुलगी साडेदहाला घरातून निघते आणि संध्याकाळी सातला घरी टेकते. म्हणजे साडेआठ तास बाहेर.

आमच्या शाळेचा आम्हाला अभिमान आहे, तो उगाच नाही. मैदान मोठं आहे, खो-खोचे दोन खांब कायम रोवलेले असतात. प्रयोगशाळा आहे, शिवणयंत्रांची खोली आहे, गाईडचं पथक आहे. लेझीम तर तालुक्यात आमचीच. हस्त नक्षत्र लागलं की एक दिवस मैदानावर हादगा होतो. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा. त्या दिवशी जुन्या विद्यार्थिनी नातींना घेऊन येतात, खिरापती ओळखण्यावरून आठवीच्या पोरींशी भांडतात. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, वर्षभर ज्या दिवसाची वाट बघतात तो हा दिवस.

स्वच्छतागृह मैदानाच्या मागच्या कोपऱ्यात आहे. आठ संडास, शेजारी लघवीसाठी आडोसे, वर हजार लिटरची काळी टाकी. आठपैकी पाच दारांना कुलूप. किल्ल्या कार्यालयात खिळ्याला.

कुलपं का लागली, हे सांगितलं नाही तर मोठ्या बाईंवर अन्याय होईल. शाळेचे सफाईगार २०२१ मध्ये निवृत्त झाले. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानंतर अनुदानित शाळांत चतुर्थश्रेणीचं पद रिकामं झालं की ते भरलं जात नाही, त्याऐवजी ठोक शिपाई भत्ता मिळतो. त्या भत्त्यात आम्हाला एक माणूस मिळाला. घंटा, टपाल, झाडलोट, पाणी, सगळं त्याच्याकडे. स्वच्छतागृह धुवायला कुणीच उरलं नाही. दारं उघडी ठेवली की घाण व्हायची, घाण झाली की पालक तक्रार करायचे. म्हणून वापर कमी करण्यासाठी पाच दारं बंद झाली. तात्पुरती म्हणून लावलेली कुलपं दोन वर्षं तशीच होती.

समस्या कशी दिसली

आधी दिसलं ते खो-खोचं. जून २०२३ मध्ये क्रीडाशिक्षकांनी शाळा सुटल्यावरचा सराव शेवटच्या दोन तासांत घेतला, कारण एसटीच्या मुलींना थांबता येत नव्हतं. वेळ सोयीची, तरी नऊजणींचा संघ उभा राहीना. पोरी ‘पाय दुखतो’, ‘चक्कर येते’ म्हणून बसायच्या. सर वैतागले, ‘आताच्या मुलींत दमच नाही’ म्हणाले. मी ते ऐकून घेतलं. त्या वेळी मलाही साधारण तसंच वाटत होतं.

ऑगस्टअखेर हजेरीचा कॅटलॉग बंद करताना गैरहजेरीच्या खुणा मोजत होते. शेतीच्या कामांमुळे मुली राहतात हे आम्ही धरूनच चालतो, पण तेव्हा सलग आठवडा जातो. इथे प्रत्येकीचे महिन्याला दोन-तीन दिवस जात होते, आणि पुढच्या महिन्यात जवळपास त्याच तारखांना. शिवाय गावातल्या काही मुली मधल्या सुट्टीत घरी जायच्या आणि परत यायच्याच नाहीत.

पाळीचा संबंध माझ्या लगेच लक्षात आला. पण माझी समजूत अशी झाली की मुलींना माहिती कमी आहे, लाज वाटते, घरी बंधनं आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिका ताईंना बोलावून व्याख्यान ठेवलं. व्याख्यान छान झालं, मुलींनी टाळ्या वाजवल्या. सप्टेंबरचा कॅटलॉग ऑगस्टसारखाच निघाला.

पहिला निर्णय: काय विचारायचं

मी वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव नको, फक्त ‘शाळा का चुकते?’ एवढंच लिहा म्हटलं. जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्यांवर ‘पोटात दुखतं’ किंवा ‘घरी काम असतं’. बाईंना द्यायची उत्तरं मुलींना पाठ असतात.

दुसऱ्या आठवड्यात प्रश्न बदलला. उत्सर्जन संस्थेचा धडा चालू होता, त्यामुळे विषय ओघानंच निघाला. ‘काल घरातून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत किती पाणी प्यालात? पेल्यात मोजून लिहा.’ बेचाळीस चिठ्ठ्या आल्या. सव्वीसांवर ‘शून्य’ किंवा ‘एक घोट’. एकीनं लिहिलं होतं, ‘बाटली आई भरून देते. घरी गेल्यावर तुळशीला ओतते, नाहीतर आई रागावते.’

ती चिठ्ठी मी अजून कपाटात ठेवली आहे.

मग मुली बोलायला लागल्या. पाणी प्यायलं की जावं लागतं, म्हणून प्यायचं नाही. उघड्या तीन दारांपैकी एकाला आतून कडीच नव्हती. मैत्रिणीनं बाहेरून दार ओढून धरायचं, आणि तास चालू असताना ‘बाई, बाथरूमला जाऊ?’ म्हणून दोघींना एकदम कोण सोडणार? मी स्वतः सोडत नव्हते. ‘मधल्या सुट्टीत काय करत होतीस?’ हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन. मधल्या सुट्टीत तीन दारांसमोर रांग लागायची आणि निम्म्या मुलींचा नंबर येण्याआधी घंटा व्हायची. पाळीच्या दिवसांत कपडा किंवा पॅड बदलायला जागा नाही, टाकायला डबा नाही, आत पिशवी अडकवायला खुंटीसुद्धा नाही. पिशवी दातात धरायची. आठवी ते दहावीत काही मुलींना लघवीला जळजळ होत होती. त्यांनी ते घरीही सांगितलं नव्हतं.

चक्कर येण्याचं कोडं सुटलं. साडेदहापासून पाणी न प्यालेल्या मुलीला चार वाजता उन्हात खांब ते खांब पळवलं तर दुसरं काय होणार.

मी आणि चित्रकलेच्या बाईंनी एक दिवस बसून हिशेब मांडला. केंद्र सरकारच्या ‘स्वच्छ विद्यालय’ मोहिमेच्या निकषांत साधारण चाळीस मुलींमागे एक संडास आणि तीन मुताऱ्या धरतात. ३४० मुलींना नऊ संडास हवेत. बांधलेले आठ होते, म्हणजे इमारत फारशी तोकडी नव्हती, वापरात मात्र तीनच होते. पाण्याची अडचण याहून मोठी निघाली. नळाला पाणी पहाटे येतं. सकाळचं सत्र सुटेपर्यंत टाकी अर्धी व्हायची. उरलेले पाचशे लिटर ३४० मुलींत वाटले तर एकीच्या वाट्याला दीड लिटर, दिवसभरासाठी. एवढ्या पाण्यात संडास स्वच्छ राहूच शकत नाही, मग धुणारा कुणीही असो. गेली दोन वर्षं आम्ही मुलींना ‘घाण करता’ म्हणून बोल लावत होतो.

हादग्याचा दिवस

हे सगळं मी मोठ्या बाईंच्या कानावर घातलं. त्यांनी ऐकून घेतलं, ‘बघू या’ म्हणाल्या. पुढे किती दिवस ‘बघू या’ चाललं असतं कोण जाणे. मध्येच हादगा आला.

फेर संपला, खिरापत वाटणं चालू होतं. साठीच्या पुढच्या एक जुन्या विद्यार्थिनी, माजी विद्यार्थिनी संघात सगळ्यांत उत्साही, नववीतल्या दोघींना म्हणाल्या, ‘बाळांनो, बाथरूम कुठं आहे ग?’ मुलींनी त्यांना शिक्षककक्षाशेजारच्या आमच्या स्वच्छतागृहात नेलं. बाहेर आल्यावर त्यांनी सहज विचारलं, ‘आमच्या वेळी तिकडं मागं होतं. तुम्ही आता इथंच येता का?’ दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक म्हणाली, ‘आम्ही नाही जात, आजी. आम्ही घरी गेल्यावर जातो.’

त्या आजी खिरापतीची वाटी तशीच हातात धरून मागच्या कोपऱ्यात गेल्या. पाच कुलपं बघितली, तीन दारं उघडून बघितली. परत आल्या तेव्हा कुणाशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी संघाच्या चौघींना घेऊन मोठ्या बाईंच्या कार्यालयात हजर झाल्या.

पर्याय आणि दुसरा निर्णय: पैसे कुठं लावायचे

संघानं त्या वर्षी डिजिटल वर्गखोलीसाठी अडीच लाख जमवले होते. फळ्यावर देणगीदारांची नावं, उद्घाटन, पाहुणे, सगळं ठरलेलं होतं. हे पैसे वळवावेत का, यावर सखी सावित्री समितीची बैठक झाली. मुलींच्या सुरक्षिततेसाठीची ही समिती २०२२ पासून शाळाशाळांत स्थापन झाली आहे. आमच्याकडे ती तोवर फलकावरच होती, खरी बैठक ही पहिलीच. मी आग्रह धरून दहावीच्या दोन मुलींना त्या बैठकीत बसवलं.

संस्थेचं म्हणणं नवं स्वच्छतागृह बांधावं. स्थानिक विकास निधीतून पैसे मिळतील, वर्ष-दीड वर्ष लागेल. जागा मैदानाचीच जाणार होती, खो-खोचा एक खांब हलवावा लागला असता. शिवाय नव्या इमारतीलाही पाणी आणि धुणारं माणूस लागणारच, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. दुसरं म्हणणं जुनी पाच दारं दुरुस्त करून उघडावीत. तिसरं असं की दुरुस्ती करावी, पण नॅपकिन मिळण्याचं आणि जाळण्याचं अशी दोन यंत्रं आधी बसवावीत. एक देणगीदार ती लगेच द्यायला तयार होते.

चौथी सूचना एका ज्येष्ठ शिक्षिकेची, वर्गावर्गांनी पाळ्या लावून मुलींकडून स्वच्छता करून घ्यावी. श्रमसंस्कार होईल, खर्चही नाही. सूचना मनापासून होती आणि बैठकीत बहुतेकांना पटत होती. मी विरोध केला. कामाची पाळी कागदावर सगळ्यांची लागते, प्रत्यक्षात झाडू कुणाच्या हातात जातो हे मी पंचवीस वर्षं बघते आहे. ज्यांच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम केलं, त्यांच्याच मुलींना ‘तुला येतं ना’ म्हणून पुढं केलं जातं. शाळेत ते मला होऊ द्यायचं नव्हतं. वापरल्यावर पाणी ओतणं प्रत्येकीचं काम, धुणं पगारी माणसाचं, असं शेवटी ठरलं. त्या बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, नंतर स्वतः येऊन म्हणाल्या की त्यांनी हा विचार केला नव्हता.

दहावीच्या मुलींना विचारलं, ‘एकच गोष्ट लगेच करायची तर कोणती?’ मला वाटलं नॅपकिन म्हणतील. दोघी एकदम म्हणाल्या, ‘कडी.’ थोडं थांबून एकीनं जोडलं, ‘आणि आत खुंटी.’

बैठकीत ठरलं ते असं. दुरुस्ती करायची, नवं बांधकाम नाही. वळवलेल्या अडीच लाखांतले एक लाख चाळीस हजार दुरुस्ती आणि पाण्याला. उरलेल्या पैशांना हात लावायचा नाही, त्यातून धुणाऱ्या मावशींचा पगार द्यायचा, महिना सहा हजार. ही कल्पना त्या आजींची. ‘इमारतीला पैसे देणारे पुष्कळ असतात, पगाराला कुणी देत नाही,’ म्हणाल्या. पुढच्या वर्षापासून संघातल्या एकेकीनं एकेका महिन्याचा पगार उचलायचा. भिंतीवर नावाची पाटी नाही. एक-दोघी देणगीदार यावर नाराज होऊन बाजूला झाल्या, आणि त्यांची नाराजी मला समजू शकते. शाळेत आपलं नाव राहावं असं कुणाला वाटत नाही?

काय केलं

कड्या आणि खुंट्या दुसऱ्याच दिवशी बसल्या. दोन हजाराच्या आतलं काम. त्यासाठी दोन वर्षं गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीत प्लंबर आणि गवंडी लावले. दोन टाक्या वाढवल्या. त्यांतली एक फक्त दुपारच्या सत्रासाठी, तिची चावी बारा वाजता उघडायची. फुटकी भांडी बदलली. मागच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचा जिना दिसायचा, म्हणजे जिन्यावरून आतलंही दिसत असणार. तिथे वर झडपा घातल्या. प्रत्येक संडासात झाकणाचा डबा, बाहेर आरसा आणि साबण. पॅड कागदात वेगळं गुंडाळून घंटागाडीत देण्याचं नगरपालिकेच्या मुकादमांशी बोलून ठरवलं.

मावशी दिवसातून दोनदा येतात, साडेअकराला आणि मधल्या सुट्टीनंतर. त्यांना हातमोजे, गमबूट आणि बसायला खोली दिली. पगार बँकेत जमा होतो. मुलींना पहिल्याच दिवशी सांगितलं, यांना नावानं किंवा एकेरी हाक मारायची नाही.

३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आठही दारं उघडली. उद्घाटन केलं नाही. मोठ्या बाईंनी परिपाठात पाच कुलपं टेबलावर मांडली आणि मुलींना म्हणाल्या, ‘ही मी लावली होती. चूक झाली.’ तीनशे चाळीस मुली एकदम गप्प झाल्या. इतक्या वर्षांत मी एवढी शांतता परिपाठात ऐकली नव्हती.

तासाला परवानगीचा नियमही बदलला. मुलगी उठली की जाऊ द्यायची, कारण विचारायचं नाही. शिक्षककक्षात यावर सगळ्यांत जास्त वाद झाला. ‘पोरी फिरत बसतील’ ही भीती होती. काही दिवस काही जणी फिरल्याही. महिन्याभरात ते आपोआप थांबलं.

परिणाम

जानेवारी-फेब्रुवारीत माझ्या वर्गातल्या महिन्याच्या त्या दोन-तीन दिवसांच्या खुणा निम्म्यावर आल्या. हे सगळं स्वच्छतागृहामुळेच असं मी म्हणणार नाही, त्याच सुमारास एका मार्गावरची एसटी अर्धा तास उशिरा सुटू लागली होती. पण मधल्या सुट्टीत घरी गेलेल्या मुली परत यायला लागल्या, त्याला दुसरं कारण सापडत नाही. खो-खोचा संघ पुढच्या वर्षी उभा राहिला. सरावाच्या आधी सर आता सगळ्यांना पाणी प्यायला लावतात, स्वतः समोर उभे राहून. तालुक्याला दुसऱ्या फेरीत हरलो. मुली रडल्या, सर नाही रडले. ‘नऊच्या नऊ शेवटपर्यंत पळाल्या’ एवढंच दोनदा म्हणाले.

एक मुलगी मात्र परत आली नाही. दिवाळीआधीच तिची शाळा सुटली होती, घरच्यांनी कारण वेगळं सांगितलं. तिच्या चिठ्ठीवरही ‘शून्य’ होता का, हे मला कधीच कळणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

जाळण्याचं यंत्र आम्ही शेवटी घेतलंच, देणगीदारांना नाही म्हणवेना. बटण दाबलं की शाळेची वीज जायची, कारण त्या कोपऱ्यातली वायरिंग तेवढा भार पेलणारी नव्हती. यंत्र तीन महिने झाकून ठेवलं. झाकणाच्या डब्यांनी आणि घंटागाडीनं तेच काम झालं. वायरिंग आधी बघायला हवी होती, किंवा सरळ नम्रपणे नको म्हणायला हवं होतं.

सकाळच्या सत्रातल्या लहान मुलींना आम्ही विचारलंच नाही. नव्या कड्या त्यांच्या हाताला उंच पडल्या. पाचवीची एक मुलगी आत अडकून रडत होती तेव्हा कळलं. खाली दुसरी कडी बसवली. बैठकीत दहावीच्या दोघी होत्या, तिथे पाचवीचीही एक हवी होती.

व्याख्यानाआधी मी कोपऱ्यात जाऊन तीन दारं उघडून बघायला हवी होती. आमच्या दोन्ही स्वच्छतागृहांत पन्नास पावलांचं अंतर आहे. नोकरीला लागल्यापासून मी ते तपासणीच्या दिवसाखेरीज कधी चालले नव्हते. शिक्षिकांनी आणि मुलींनी एकच स्वच्छतागृह वापरावं, असं मी आता सुचवलं आहे. त्यावर अजून एकमत नाही.

आणखी एक प्रश्न अर्धाच सुटला आहे. मार्चमध्ये आमच्या शाळेत दहावीचं परीक्षा केंद्र असतं, दुसऱ्या शाळांतले मुलगेही येतात. पहिल्या वर्षी त्यांना आम्ही मुलींचीच चार दारं दिली. आठवडाभर नववीच्या मुली पुन्हा बाटल्या भरलेल्याच घरी न्यायला लागल्या. यंदा शेजारच्या मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. परीक्षेच्या दिवसांत त्यांचं स्वच्छतागृह मुलांसाठी उघडं राहील, त्यासाठी मधल्या भिंतीत एक फाटक काढावं लागेल. गवंड्याला पुढच्या आठवड्यात बोलावलं आहे.